एक पगार, दोन राज्ये

अमेरिकेत १५ एप्रिल जवळ आला की पगारदारांची जी धांदल उडते, तिचे सारे खापर वॉशिंग्टनच्या माथी फोडणे न्याय्य ठरणार नाही. केंद्रीय प्राप्तिकराचे विवरणपत्र एकच असते. खरी गुंतागुंत सुरू होते ती राज्यांच्या प्राप्तिकरापाशी. वर्षाच्या मध्यावर जो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड हलवतो, त्याला सामान्यतः दोन्ही राज्यांना आपल्या मिळकतीचा हिशेब द्यावा लागतो. राहणे एका राज्यात आणि नोकरी दुसऱ्या राज्यात असेल, तर एकाच पगारावर दोघांचाही हक्क पोचतो. टेक्सास किंवा फ्लोरिडा यांसारख्या, वेतनावर करच न घेणाऱ्या राज्यांत राहून तेथेच काम करणारा तेवढा निश्चिंत.

भारतीय वाचकास हे चमत्कारिक वाटेल. आपल्या घटनेने शेतीखेरीज अन्य उत्पन्नावरील कर केंद्रसूचीत घातला. त्यामुळे पुण्याहून बंगळूरला बदली झालेला कारकून प्राप्तिकराचे एकच विवरणपत्र भरतो. राज्यांच्या व्यवसायकरालाही कलम २७६ ने वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. अमेरिकेचा इतिहास निराळा आहे. विस्कॉन्सिनने १९११ सालीच प्राप्तिकर बसवला. सोळाव्या घटनादुरुस्तीने केंद्राचा मार्ग निर्वेध केला तो १९१३ मध्ये.

दुहेरी कराचा जाच टळावा म्हणून राहते राज्य बहुधा परराज्यात भरलेला कर आपल्या करातून वजा करू देते. मेरीलँड राज्याने ही सवलत स्थानिक करापुरती नाकारली, तेव्हा २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा मताने ती करपद्धती घटनाबाह्य ठरवली. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया यांनी तर परस्परांशी करार करून वेतनावरील राज्याचा कर राहत्या राज्यापुरताच ठेवला. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क यांच्यात मात्र असा करार नाही. हडसन ओलांडून न्यूयॉर्कला नोकरीस जाणाऱ्या मराठी कुटुंबांना याचा अनुभव आहेच.

घरी बसून काम करण्याच्या प्रथेने हा वाद अधिक चिघळला. कर्मचारी मालकाच्या गरजेसाठी नव्हे, तर स्वतःच्या सोयीसाठी परराज्यातील आपल्या घरून काम करीत असेल, तर तो दिवसही न्यूयॉर्कमधलाच, असा त्या राज्याचा नियम आहे. कनेक्टिकटमध्ये राहणाऱ्या एका कायद्याच्या प्राध्यापकाने त्यास आव्हान दिले. २००३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नियमच उचलून धरला. महामारीच्या काळात मॅसॅच्युसेट्सने तसाच तात्पुरता नियम केला, तेव्हा शेजारच्या न्यू हॅम्पशायरने थेट सर्वोच्च न्यायालय गाठले. परंतु २०२१ मध्ये न्यायालयाने दावा ऐकण्यास नकार दिला. २०२३ मध्ये न्यू जर्सीने ‘जशास तसे’ या न्यायाने कायदा केला. दोन राज्यांच्या या रस्सीखेचीत ताणली जाते ती पगारदाराची कमाई.

न्यूयॉर्कच्या बाजूने बोलण्यासारखे काही नाही असे नव्हे. ज्या महानगरामुळे ती नोकरी अस्तित्वात आली, त्याचा खर्च कोणी तरी उचललाच पाहिजे. तथापि त्यासाठी मालकाच्या नफ्यावर कर घेता येतो. जो मनुष्य त्या दिवशी त्या राज्यात पाऊलही टाकत नाही, त्याच्या श्रमावर हक्क सांगणे म्हणजे सीमेचा अर्थच पुसून टाकणे होय. काम प्रत्यक्ष जेथे होते तेथेच कर, आणि अल्पकाळाच्या कामास सूट, असा समान नियम करण्याचा अधिकार आंतरराज्य व्यापाराच्या कलमान्वये अमेरिकी काँग्रेसला आहे. तो वापरण्याची इच्छा मात्र दिसत नाही.

२०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यापासून आपल्याकडेही राज्यांच्या आर्थिक स्वायत्ततेची मागणी पुन्हा पुन्हा होत असते. ती रास्तही आहे. परंतु स्वायत्ततेबरोबर राज्याराज्यांतील कलह मिटवणारी यंत्रणाही हवी. ती नसेल तर त्या स्वायत्ततेची किंमत सामान्य नोकरदाराच्या खिशातून वसूल होते, हा अमेरिकेच्या अनुभवाचा धडा आहे.