गांजाचे नवे बियाणे आणि कोरडवाहू शेतकरी

परदेशांतील बियाणे-बाजारात सध्या गांजाच्या एका नव्या प्रकारच्या वाणांची जाहिरात जोरात चालू आहे. झिंग आणणारे टीएचसी हे द्रव्य त्यात नाममात्र असते. त्याऐवजी सीबीजी हे नशा न आणणारे द्रव्य विपुल असते. गांजाचे नेहमीचे झाड दिवस लहान होऊ लागले की फुलते. हे नवे झाड मात्र दिवसाच्या लांबीची वाट न पाहता आपल्या वयानुसार फुलते आणि बी रुजल्यापासून सुमारे अडीच-तीन महिन्यांत काढणीस येते. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ नागरिकाला घरी तीन झाडे लावण्याची मुभा आहे. कॅनडाच्या बहुतेक प्रांतांत २०१८ पासून घरटी चार झाडे चालतात. हे वाण तेथील हौशी परसबागांसाठी आहे. तेव्हा बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेडच्या कापूस-सोयाबीन पिकविणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याचा याच्याशी संबंध काय, असा प्रश्न कार्यकर्ते विचारतील. संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. एक कायद्याचा, दुसरा बियाण्याच्या मालकीचा.

प्रथम कायद्याचा विचार करू. १९८५ चा अंमली पदार्थविरोधी कायदा झाडातील नशेचे मोजमाप करीत नाही. तो झाडाचे नाव पाहतो. फुलोरा आला की तो ‘गांजा’. मग त्यात टीएचसी वीस टक्के असो वा शून्याच्या आसपास. सीबीजी नेमके त्या फुलोऱ्यातच असते. त्यामुळे जे झाड कोणालाही झिंग आणू शकत नाही, ते परसात लावणाऱ्यालाही कलम २० खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नशाबंदीच्या हेतूने केलेला कायदा नशाच नसलेल्या झाडावर चालविला जावा, यात लोकहित कोणते?

हा निर्बंध आपल्या परंपरेतून आलेला आहे असेही नाही. इंग्रजी अमदानीत बुलढाण्याच्या उत्तरेकडील निमाडात, खांडव्याच्या परिसरात, सरकारी परवान्याने गांजाची शेती होत असे. १८९३-९४ साली नेमलेल्या आयोगाने देशभर साक्षी घेऊन, बंदी घालण्याचे कारण नाही, नियंत्रण व कर पुरेसे आहेत, असा निष्कर्ष काढला होता. सरसकट बंदीचे मूळ १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. आणि त्या करारानेही धागा व बी यांसाठी होणारी लागवड वगळलेली आहे. आपल्या कायद्याच्या कलम १४ मध्ये तशीच तरतूद आहे. तिचा आधार घेऊन उत्तराखंडाने २०१८ मध्ये ०.३ टक्के टीएचसीची मर्यादा घालून परवाने देण्यास आरंभ केला. औषधी व शास्त्रीय कारणासाठी राज्यांना कलम १० खालीही अधिकार आहेत. महाराष्ट्राला हे अधिकार वापरण्यास कोणी अडविलेले नाही.

शेतकरी या पिकाकडे का वळतो, हे सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने २०२१ साली शासनाला लेखी कळविले. कोणत्याच पिकाला भाव मिळत नाही, म्हणून दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी द्यावी, असा अर्ज त्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे केला. प्रसिद्धीचा खटाटोप म्हणून तो धुडकावला गेला. वस्तुतः तो अर्ज गांजाविषयी नव्हता, शेतमालाच्या भावाविषयी होता. तुरीच्या ओळींत झाडे सापडल्याच्या बातम्या येतात तेव्हा कोठडीत जातो तो शेत कसणारा. माल उचलणारा व्यापारी क्वचितच हाती लागतो.

मग बंदी उठवून बाजार मोकळा करावा, म्हणजे प्रश्न सुटला, असे म्हणणारेही भेटतील. त्यांनी बियाण्याकडे नीट पाहावे. हे बियाणे बहुधा केवळ मादी झाडे देणारे म्हणून विकले जाते. नर नसल्याने परागीभवन होत नाही, म्हणून पुढील हंगामाचे बी शेतात धरत नाही. इतर गांजाच्या फांद्या तोडून कलमे करता येतात. येथे तोही मार्ग जवळजवळ बंद आहे, कारण फांदी मूळ झाडाइतकीच वयाने मोठी असते आणि वाढण्याआधीच फुलून संपते. म्हणजे प्रत्येक वेळी दुकानदाराच्या दारी जाणे आले. जर्मनीतील हौशी माणसाला तीन बियांचा खर्च जाणवत नाही. चार एकरांच्या धन्याला तो कर्जात लोटतो.

विदर्भ-वऱ्हाडाने हा धडा एकदा गिरविला आहे. २००२ साली बीटी कापूस आला तो संकरित वाणाच्या रूपाने. घरचे सरकीचे बी गेले आणि दरवर्षी पाकीट विकत घेणे आले. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने ते पीकही फस्त केले, तेव्हा नुकसान सोसले शेतकऱ्याने. सफेद मुसळी, जट्रोफा, इमू यांच्या वेळीही ‘हमखास खरेदी’ची आश्वासने होतीच. उद्या सीबीजीच्या नावाने तसेच दलाल गावोगाव फिरतील. हे द्रव्य १९६४ साली इस्रायलमधील शास्त्रज्ञांनी वेगळे केले असले, तरी माणसांवरील त्याच्या चाचण्या अद्याप थोड्या व लहान आहेत. जाहिरातीत त्याला प्रत्येक दुखण्यावरचा उतारा ठरविले जाते, ही निव्वळ दिशाभूल होय.

तेव्हा आपली मागणी बंदीची नाही आणि मोकाट बाजाराचीही नाही. कायद्याने झाडाच्या नावाऐवजी त्यातील टीएचसीचे प्रमाण पाहावे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने, शासनाच्या परवानगीने, कमी टीएचसीचे व घरी बी धरता येणारे वाण तयार करावे. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा व देवघेवीचा जो हक्क दिला आहे, तो येथे प्रत्यक्षात यावा. तपासणीची प्रयोगशाळा सरकारी व फुकट असावी. नाही तर परवाना फक्त बड्या कंपनीलाच परवडेल. अल्पभूधारकांना व त्यांच्या सहकारी संस्थांना परवान्यात अग्रक्रम असावा. आणि कापूस-सोयाबीनला रास्त भाव मिळवून देण्याच्या लढ्याला या पिकाचा पर्याय म्हणून कोणी पुढे करू लागला, तर त्याला ठामपणे नकार द्यावा.

कार्यकर्त्यांनी ग्रामसभांतून हा विषय संकोच न धरता मांडावा. ‘गांजा’ हा शब्द ऐकताच माणसे हसतात किंवा दचकतात. चर्चा तेथेच संपते. मात्र कायदा बदलण्याची वाट मोठ्या कंपन्या मुकाट्याने पाहत बसत नाहीत. तो बदलेल तेव्हा नियमांचा मसुदा कोणाच्या सोयीने लिहिला जाईल, हे आज गावात आपण काय बोलतो यावर ठरणार आहे.