बंपर आणि नडगी

साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या गॅरेजमध्ये सर्व्हेअर आला आणि त्यानं आधी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली. मग चासी नंबरचा फोटो, किलोमीटरच्या आकड्याचा फोटो, चारी बाजूंचे फोटो. मागच्या दारावरच्या ओरखड्यावरून त्यानं अंगठ्याचं नख फिरवलं. आत तांबूस गंज होता. "हा जुना आहे, यात धरता येणार नाही," तो फोरमनला म्हणाला, आणि फोरमननंही वाद घातला नाही. पुढचा बंपर फाटलेला, उजवा हेडलाइट खोबणीतून निखळलेला, रेडिएटर आत दबलेला. हे लिहून घेता घेता त्याचा हात थांबला तो बोनेटपाशी. तिथं परातीएवढा गोल खोलगा पडला होता आणि वर काचेवर एका बिंदूपासून चहूकडे तडे गेले होते. खांबाला किंवा कठड्याला धडकलेली गाडी अशी दिसत नाही.

"समोर कोण होतं, सर?" त्यानं गाडीमालकाला विचारलं.

गाडीमालक माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. त्यांच्या हातात क्लेम फॉर्म होता. त्यात एक रकाना असतो: अपघातात दुसऱ्या कुणाला इजा झाली का? एजंटानं सकाळीच फोनवर सांगितलं होतं, "तिथं 'नाही' लिहा सर, उगाच भानगड नको." सरांनी तो रकाना अजून कोराच ठेवला होता.

तीन दिवसांपूर्वी ते पुण्याहून साताऱ्याला परतत होते. शिरवळजवळ सेवारस्त्यावरून एक मोटारसायकल महामार्गावर आली आणि सरांचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत तो पोरगा बोनेटवर आदळून रस्त्याच्या कडेला पडला होता. सेंट्रिंगचं काम करणारा, वय 28. डाव्या पायाची नडगी मोडलेली उघड दिसत होती. पाचदहा मिनिटांत माणसं जमली आणि जमलेल्या माणसांनी महाराष्ट्रातल्या कुठल्याही रस्त्यावर जे ठरतं तेच ठरवलं. मिटवून टाका. पोरगा स्वतःच म्हणत होता, "पोलीस नकोत, माझं लायसन नाही." सरांनाही पोलीस नकोच होते. पोराच्या मेव्हण्याच्या हातात 10,000 रुपये गेले, एका टेंपोत घालून पोराला नेलं, आणि सर गाडी सुरू करायला निघाले. एका ट्रकचालकानं त्यांना अडवून गाडीखालचं हिरवं पाणी दाखवलं. ते रेडिएटरमधलं कूलंट. तशीच गाडी खंबाटकीच्या चढाला घातली असती तर इंजिन जाम झालं असतं, आणि अपघातानंतर गाडी चालवल्यामुळे वाढलेलं नुकसान विमा कंपनी देत नाही. पावसाळ्यात पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा चावी फिरवून सुरू करणाऱ्यांचे क्लेम याच मुद्द्यावर अडतात. सरांनी क्रेन मागवली. इंजिन वाचलं.

रस्त्यावर झालेल्या त्या मिटवामिटवीत गाडीची इतकी काळजी घेतली गेली. पायाची घेतली गेली नाही. आपल्याकडे विम्याबद्दल जे बोललं जातं, ते जवळजवळ सगळं गाडीबद्दल असतं. कॅशलेस गॅरेज कुठलं, झिरो डेप घ्यावं का, बोनस कसा वाचवावा. पण कायद्यानं सक्तीचा केलेला विमा गाडीसाठी नाहीच. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 146 नं जो विमा प्रत्येक गाडीला सक्तीचा केला, तो समोरच्या माणसासाठी, म्हणजे थर्ड पार्टीसाठी आहे. ज्याच्यासाठी तो आहे, त्यालाच त्याची खबर नसते. ही गोष्ट अस्वस्थ करणारी आहे आणि ती रोज घडते.

सर्व्हेअरच्या प्रश्नाला सरांनी खरं उत्तर दिलं. तो म्हणाला, "मग फॉर्मवर तेच लिहा. खोटं लिहिलेलं उघडं पडलं, तर गाडीचा क्लेमसुद्धा जाईल." त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, जी बहुतेक चालकांना ठाऊक नसते. कलम 134 प्रमाणे जखमीला दवाखान्यात पोचवणं आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवणं हे चालकाचं कर्तव्य आहेच, पण विमा कंपनीला लेखी कळवणं हेही त्यातच येतं.

गाडीचा हिशेब फोरमननं तिथंच पाठकोऱ्या कागदावर मांडला. गाडी सहा वर्षांची, 1200 सीसीची. एवढ्या वयाच्या गाडीला घसारा न कापणारं झिरो डेप सहसा मिळत नाही, त्यामुळे घसारा कापला जाणार. प्लास्टिक आणि रबराला निम्मा. धातूच्या भागांना गाडीच्या वयाप्रमाणे, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला 40 टक्के. काचेला काही नाही. बंपर 6,000 चा, त्याचे 3,000. हेडलाइट 5,000 चा, त्याचे 2,500. बोनेट 8,000 चं, त्याचे 4,800. रेडिएटर 7,000 चा, त्याचे 4,200. काच 6,500 ची, ती पूर्ण. रंगकाम 8,000, त्यातला पाव भाग रंगाचा धरून त्याच्या निम्मे कापायचे, म्हणजे 7,000. मजुरी 9,000, पूर्ण. एकूण बिल 49,500, मंजूर होणार 37,000, त्यातून सक्तीच्या कपातीचे 1,000 वजा. म्हणजे सरांच्या खिशातून 13,500. वर 50 टक्क्यांवर पोचलेला नो क्लेम बोनस पुढच्या वर्षी शून्यावर येणार, तो तोटा वेगळा.

बोनसचीच खरी धास्ती सरांना होती. त्या धास्तीपोटीच रस्त्यावर त्यांनी पैसे काढून दिले होते. पण बोनसची सूट मिळते ती फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी भरलेल्या हप्त्यावर. थर्ड पार्टीच्या हप्त्याशी तिचा काही संबंध नाही. जखमी पोराला लपवून सरांनी वाचवण्यासारखं काहीच वाचवलं नव्हतं. गणिताच्या शिक्षकाला हे फोरमनच्या तोंडून ऐकावं लागलं, आणि ते त्यांना लागलं.

त्याच संध्याकाळी ते शिरवळच्या पोलीस ठाण्यात गेले. तिथं जे झालं ते गोड नव्हतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 आणि 125 खाली त्यांच्यावर गुन्हा नोंदला गेला. जामीनपात्र असला तरी गुन्हाच. कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागणार. सुशिक्षित, सरळमार्गी माणसं रस्त्यावर मिटवायला का धावतात, याचं कारण इथं आहे आणि ते खोटं म्हणता येत नाही. पण पोलिसांत नोंद झाली, की पुढची चाकं फिरू लागतात. 1 एप्रिल 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्यानं 48 तासांत अपघाताचा पहिला अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा असतो, आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल. न्यायाधिकरण त्या अहवालालाच दाव्याचा अर्ज मानू शकतं. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे नियम देशभर नीट पाळा, असे स्पष्ट आदेशही दिले. रस्त्यावर मिटवलेल्या अपघाताला यातलं काहीच मिळत नाही.

दवाखान्याचंही तसंच. 5 मे 2025 पासून केंद्राची योजना लागू आहे. ठरवून दिलेल्या रुग्णालयांत अपघातग्रस्तावर पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोख न घेता उपचार करायचे. त्यालाही अपघाताची नोंद लागते. इथं नोंदच नव्हती, म्हणून सरांचे 10,000 पहिल्या दिवशीच अनामत म्हणून भरले गेले. पायात रॉड घालायचा खर्च मेव्हण्यानं उसने घेऊन भागवला.

मुदतीचा प्रश्न सगळ्यांत कठीण. 1988 च्या कायद्यात दावा सहा महिन्यांत करायचं बंधन होतं. ते गरिबांवर अन्याय करणारं ठरतं म्हणून 1994 च्या दुरुस्तीनं काढून टाकलं. पंचवीस वर्षांनी, 2019 च्या दुरुस्तीत ते परत आलं आणि 1 एप्रिल 2022 पासून लागू झालं. त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे. ज्याचा पाय प्लास्टरमध्ये आहे, ज्याच्या घरात दुसरं कमावतं कुणी नाही आणि ज्याला गाडीचा नंबरही धड आठवत नाही, त्याला सहा महिने म्हणजे काहीच नाहीत. एवढंच बरं, की दावा अपघात झाला त्याच जिल्ह्यात करायला हवा असं नाही. समृद्धी महामार्गावर जखमी झालेला नांदेडचा माणूस नांदेडलाही दावा दाखल करू शकतो.

न्यायाधिकरणात माणसाचा हिशेब कसा होतो, तेही पाहण्यासारखं आहे. दिल्लीत एप्रिल 2014 मध्ये मोटारसायकलवरून जाणारं एक जोडपं गाडीच्या धडकेत गेलं. मागे दोन लहान मुली राहिल्या. बाई घर सांभाळत होती. तिची मिळकत काय धरायची, यावर विमा कंपनीनं वाद घातला. उच्च न्यायालयानं दोघांची मिळून 22 लाखांपर्यंत खाली आणलेली भरपाई जानेवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 33 लाख 20 हजारांवर नेली. न्यायमूर्ती एन. व्ही. रमणा यांनी त्या निकालात सरकारी पाहणीचे आकडे मांडले. बिनपगारी घरकामावर बाई दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवते, पुरुष 97. घरकाम करणाऱ्या बाईचीही मिळकत धरायची, तिच्या पुढच्या वाढीसकट धरायची, हे त्या निकालानं पक्कं केलं. तरीही आपल्या गावांतून बाई अपघातात गेली, की "ती काय कमवत होती?" हा प्रश्न वकिलाच्या आधी घरचेच विचारतात.

आणि लायसनचा प्रश्न. शिरवळच्या पोरानं पोलीस नको म्हटलं ते त्या भीतीपोटी. लायसन नसताना गाडी चालवणं गुन्हा आहे, त्याचा दंड त्याला भरावा लागेल. पण लायसन नाही एवढ्यावरून अपघातात त्याचीही चूक होती, असं ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्येच सांगितलं आहे. तो महामार्गावर बेसावध आला असेल, तर त्याच्या वाट्याची चूक टक्क्यांत धरून भरपाई तेवढी कमी होईल. पण हक्क राहतो. गाडीवाल्याच्या बाजूनं पॉलिसीची अट मोडलेली निघाली, तरीही बहुतेकदा न्यायालय कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावतं आणि मग गाडीमालकाकडून वसूल करायला सांगतं.

रविवारी सर दवाखान्यात गेले. पोराची बायको कॉटच्या पायथ्याशी बसली होती. ती सरांकडे बघेना. सरांनी पिशवीतून पॉलिसीची, आरसीची आणि लायसनची झेरॉक्स काढून तिच्यासमोर ठेवली. समोरच्याला पॉलिसीची प्रत देऊ नका, असं एजंटानं बजावलं होतं. पण जखमीनं विम्याचा तपशील मागितला तर आरटीओनं आणि पोलिसांनी तो द्यायलाच हवा, तसं कायदाच सांगतो. मग त्यांनी एक्स-रेचं रिकामं पाकीट उलटं केलं आणि त्यावर वर्गात मांडतात तसं गणित मांडलं. महिना 15,000 ची मजुरी धरली, तर वर्षाची 1,80,000. वय चाळिशीच्या आत आहे, पुढच्या वाढीचे 40 टक्के त्यात मिळवायचे. झाले 2,52,000. वय 28, म्हणून 17 नं गुणायचं. 42,84,000. आता डॉक्टर काय म्हणतात ते पुरेसं नाही. परांची-फळ्यांवर चढून सेंट्रिंग करणाऱ्याची कामाची ताकद किती गेली, ते न्यायालय ठरवतं. समजा 20 टक्के. म्हणजे 8,56,800. औषधपाणी, रॉडचा खर्च, बुडालेले रोज आणि सोसलेली वेदना यांचे पैसे आणखी वेगळे.

"वेळ लागेल," सर म्हणाले. "वर्ष-दोन वर्षं, कदाचित जास्तच. आकडा कमीसुद्धा होईल."

ती बराच वेळ पाकिटाकडे बघत राहिली. मग तिनं पहिल्यांदा सरांकडे वर पाहिलं.

"एवढं पैसं तुमच्या खिशातनं जाणार व्हय?"

सरांनी पॉलिसीचा कागद तिच्याकडे वळवला आणि हप्त्याच्या तक्त्यातल्या एका ओळीखाली पेनानं रेघ ओढली. थर्ड पार्टी, 3,416 रुपये. "हे मी दरवर्षी भरतो ते याच्यासाठीच," ते म्हणाले. "हे पैसे कंपनी देणार."

तिनं पदरानं हात पुसले आणि मेव्हण्यानं आणून ठेवलेलं वकीलपत्र उशीखालून काढलं. "मग यांची सही कुठं घ्यायची, तेवढं दाखवा."