बुडत्याला पार्टनरचा आधार

पार्टनरने ‘तीन बदाम’ अशी बोली उघडली, की आमच्या टेबलावरचे एक गृहस्थ त्याला वाचवायला धावतात. (नाव सांगत नाही, रविवारी पुन्हा खेळायचं आहे.) बदामाचं एकच पान, इस्पिकाची सहा. झालं! ‘तीन इस्पिक!’

अहो, पण बुडत कोण होतं? बदामाची सात पानं आणि बाकी सगळी रद्दी घेऊन माणूस तीनला उघडतो, तो जिंकायला नव्हे. शेजाऱ्यांच्या गप्पांना जागा उरू नये म्हणून. आपण व्हल्नरेबल नसताना डबल खाऊन तीन हात कमी पडले, तरी जातात पाचशे. व्हल्नरेबल शेजाऱ्यांनी चार इस्पिक केले तर सहाशे वीस! हा हिशेब पार्टनरने आधीच केलेला असतो. आणि यांचे ‘तीन इस्पिक’ बहुतेक पद्धतींत फोर्सिंग. बिचाऱ्याला गप्प बसता येत नाही, तो ‘चार बदाम’ म्हणतो आणि डबल त्याच्या डोक्यावर बसते.

बरं, बदामाची तीन पानं आणि पॉइंट शून्य, अशा वेळी हटकून चारला चढवावं की नाही? दहा हुकूम आपल्याकडे, म्हणजे बाकीचा माल तिकडेच! तर तेव्हा हे पास. कारण काय? “पॉइंट नाहीत हो!”

त्या तीन इस्पिकांचं कारण मी एकदा विचारलंच. म्हणाले, “इस्पिक बदामापेक्षा वरचं ना?”