चुंबकाचे कण आणि एक कात्रण

लहानपणी नदीच्या कोरड्या पात्रात लोहचुंबक फिरवण्याचा खेळ आपल्यापैकी अनेकांनी खेळलेला असेल. वाळूतले काळे कण मिशांसारखे चुंबकाला चिकटत. ते मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोखंडाच्या एका ऑक्साइडचे कण असतात, हे पुढे शाळेत कळले.

हा खेळ परवा महागावात आठवला. बँकेच्या नोकरीत त्या भागात काही वर्षे काढली. तेव्हापासूनचे एक शेतकरी स्नेही आजारी आहेत, म्हणून भेटायला गेलो होतो. सोनोग्राफीत यकृतावर गाठ दिसली होती, रक्तात हिपॅटायटिस बी निघाला होता. त्यांच्या मुलाने खिशातून वर्तमानपत्राचे कात्रण काढले. ‘‘साहेब, चुंबकाचे बारीक कण शरीरात सोडले की लिव्हरचा कॅन्सर नेमका दिसते म्हणे. हे नागपूरले भेटन का?’’

उत्तर माझ्याजवळ नव्हते. कर्जाचा अर्ज आला की आधी जुनी खाती तपासायची, ही आमची सवय. घरी आल्यावर तेच केले, आणि आश्चर्य वाटले. खाते बरेच जुने निघाले.

यकृतात कुफ्फर नावाच्या पेशी असतात. रक्तातून येणारा कचरा गिळून टाकणारे हे पहारेकरी. डेक्स्ट्रान या साखरेच्या कुळातल्या पदार्थाचे वेष्टन चढवलेले लोह-ऑक्साइडचे कण शिरेतून सोडले, की कुफ्फर पेशी ते गिळतात. केसाच्या जाडीत असे शेकडो कण एकाशेजारी एक मावतील, इतके ते बारीक. मग रुग्णाला एमआरआय यंत्रात नेतात. तिथले चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे ३० हजार पट असते. कण गिळलेले निरोगी यकृत चित्रात काळे पडते. कर्करोगाच्या गाठीत बहुधा हे पहारेकरी नसतात, त्यामुळे ती उजळ राहते. काम झाल्यावर कणांतले लोह शरीराच्या लोहसाठ्यात जमा होते. बँकेच्या भाषेत, मुद्दल बुडत नाही!

असे औषध अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झाले होते. त्याआधीच, १९९० मध्ये, बोस्टनच्या संशोधकांनी पुढचे पाऊल टाकले होते. यकृताच्या मुख्य पेशींवर गॅलॅक्टोज साखर ओळखणारे ग्राहक असतात. तिचेच वेष्टन कणांना दिले, तर कण पत्ता लिहिलेल्या टपालासारखे त्याच पेशींकडे जातात. आज ज्याला ‘लक्ष्यवेधी’ चित्रण म्हणतात, ते हेच.

मग हे सगळे गेले कुठे? २००८ मध्ये अमेरिकेत त्या औषधाचे उत्पादन थांबले. युरोपात त्याच्या भावंडाचीही तीच गत झाली. ते सलाईनसारखे सावकाश द्यावे लागे, काहींची पाठ दुखे. शिवाय गॅडोलिनियम धातूवर आधारलेली, झटपट टोचता येणारी औषधे बाजारात आली होती. कणांनी काम केले नाही असे नव्हे, त्यांना गिऱ्हाईक पुरेसे मिळाले नाही. पुढे याच कुळातले एक औषध अमेरिकेत २००९ मध्ये मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या रक्तक्षयावर मंजूर झाले.

आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत आणि कोल्हापुरातही चुंबकीय कणांवर संशोधन झाले आहे, विशेषतः त्या कणांच्या उष्णतेने गाठ मारण्यावर. ते व्हायलाच हवे. पण प्रयोगशाळेतून खाटेपर्यंतच्या रस्त्याला पैसा कोण देणार, हा प्रश्न कात्रणात कधी छापून येत नाही.

आणि तो रस्ता झाला, तरी महागावच्या माणसाला यंत्रापर्यंत पोहोचायचे आहेच. आमच्या स्नेह्यांना वीस वर्षांपूर्वी कावीळ झाली होती. झाडपाल्याने ‘उतरली’, म्हणून रक्त कोणी तपासले नाही. कण कितीही हुशार असोत, गाठ होण्याआधीची ती वीस वर्षे ते परत आणू शकत नाहीत.

ती वर्षे वाचवणारी साधने मात्र साधी आहेत. हैदराबादच्या एका कंपनीने १९९७ मध्ये हिपॅटायटिस बीची देशी लस आणली आणि किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली. २०११ पासून ती देशभरच्या बालकांच्या लसीकरणात आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. या गोष्टींची कात्रणे कोणी खिशात ठेवत नाही.

मुलाला फोन करून सांगितले, की ते कण सध्या विसर. गाठीसाठी आज मिळणारा एमआरआय किंवा सीटी स्कॅन पुरेसा आहे की नाही, ते डॉक्टरांना ठरवू दे. मग विचारले, ‘‘तुझं रक्त तपासलं का? भावाचं? आईचं?’’

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. ‘‘आमाले कोणी सांगतलंच नाही, साहेब.’’

सोमवारी तिघेही तपासणीला जाणार आहेत.