नाण्याला चिंच लावू नका!

जुनी ट्रंक किंवा आजीचा पानाचा डबा आवरताना तांब्याची चार-दोन नाणी हाती लागली, की घरातून पहिली सूचना ठरलेली असते, 'जरा चिंचेने घास, बघ कशी लख्ख होतात!' देव्हाऱ्यातल्या ताम्हण-पळीला हा उपाय उत्तमच. नाण्याची मात्र बरीचशी किंमत त्या दोन मिनिटांत मोरीतून वाहून जाते.

टांकसाळीतून नुकतेच बाहेर पडलेले तांब्याचे किंवा ब्राँझचे नाणे केशरी-लाल असते. हवा, दमटपणा आणि बोटांचा घाम लागून त्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि ते हळूहळू तपकिरी होते. जगभरचे संग्राहक त्यावरून तीन वर्ग करतात : लाल, लाल-तपकिरी आणि तपकिरी. अमेरिकेत नाण्यांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थांचा हिशेब तर फारच कडक. मूळचा लाल रंग सुमारे ९५ टक्के शिल्लक असला, तरच नाणे 'लाल' म्हणायचे. साल तेच, ठसा तोच, झीजही सारखीच, तरी लाल नाण्याला तपकिरीच्या कित्येक पट भाव येऊ शकतो. कारण एकच, गेलेला रंग परत येत नाही.

मग चिंचेने येतो तो कोणता? आम्ल वरचा थर खाऊन टाकते आणि खालून कोरा, गुलाबीसर धातू उघडा पडतो. टांकसाळीची झळाळी त्याला नसते. सराईत डोळ्याला हे भिंगाशिवायही कळते.

लाल तेवढे चांगले, असेही नाही बरे का! शिवराई हाताने पाडलेली, पिढ्यान्‌पिढ्या बाजारात फिरलेली. ती लालभडक दिसली, तर कोणीतरी घासली आहे असे खुशाल समजा. तिला शोभतो गडद चॉकलेटी, एकसारखा थर. त्यावर 'श्री राजा शिव' ही अक्षरे कशी उठून दिसतात! ईस्ट इंडिया कंपनीचा १८३५चा पाव आणाही बहुधा तपकिरीच भेटतो. १९४३ पासूनचा भोकाचा पैसा किंवा १९५७चा नवा पैसा मात्र लाल मिळण्याची आशा धरायला हरकत नाही.

पण लालसाठी जादा पैसे मोजताना जरा जपून. ते नाणे तुमच्या कपाटातही तपकिरी होऊ शकते. अमेरिकेतल्या एका मोठ्या संस्थेने तर २०१० पासून तांब्याच्या रंगाची हमी देणेच बंद केले! तेव्हा नाणे नेहमी कडेने धरा. पी.व्ही.सी.च्या मऊ पाकिटात ठेवू नका, त्याने हिरवा चिकट थर येतो. रबरबँडही नको, त्यातल्या गंधकाने डाग पडतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.

आणि नाणे मातीने अगदीच माखलेले असेल, तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा, मग मऊ सुती कापडाने नुसते टिपून घ्या.