क्लिकची कमाई आणि नियत

गेल्या रमजानमध्ये एका माजी विद्यार्थ्याचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. "अस्सलामु अलैकुम सर. मी वेबसाइट सुरू केलीय. लिंक उघडून जाहिरातीवर रोज एकदा तरी क्लिक करा. घरातल्यांनाही सांगा. तुमचं काही जात नाही, माझं भलं होईल."

मुलगा गुणी आहे. उर्दू माध्यमात शिकला, माझ्याकडे मराठी गिरवली आणि आता सुंदर मराठीत स्वस्त मोबाइल, शिलाई मशीन, मिक्सर यांची माहिती लिहितो. मी क्लिक केलं नाही, पण लगेच उत्तरही दिलं नाही. "तुमचं काही जात नाही" या वाक्यापाशी अडकलो. माझं जात नाही हे खरं. मग जातं कोणाचं?

हा धंदा नवा वाटतो, पण मुळात ती जुनी दलालीच आहे. आपल्या बाजारात गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला तीन प्रकारे पैसे मिळतात. चौकात पॅम्फ्लेट वाटणाऱ्या पोराला वाटलेल्या कागदांचे. गिऱ्हाइकाला दुकानाच्या पायरीपर्यंत आणणाऱ्याला माणशी. आणि सौदा पटवून देणाऱ्या दलालाला विक्रीवर. इंटरनेटवरही हेच तीन हिशेब आहेत: जाहिरात दिसली की पैसे, क्लिक झालं की पैसे, वस्तू विकली गेली की पैसे. ॲमेझॉनने 1996 मध्ये दुसऱ्यांच्या वेबसाइटवरून झालेल्या विक्रीवर कमिशन द्यायला सुरुवात केली. 1998 मध्ये गोटू नावाच्या सर्च कंपनीने क्लिकमागे पैसे घेण्याची पद्धत रुजवली, गूगलने 2002 मध्ये ती आपल्या जाहिरातींना लावली आणि 2003 मध्ये ॲडसेन्समधून ती सामान्य वेबसाइटवाल्यांपर्यंत पोहोचली.

क्लिकमागे पैसे घेणं मला मुळातच वाईट वाटत नाही. उलट छोट्या लेखकासाठी ते विक्रीच्या कमिशनपेक्षा न्याय्य आहे. तुम्ही हजार माणसं दुकानात पाठवलीत आणि दुकानदाराचा माल महाग निघाला, तर विक्री होत नाही आणि तुमच्या हाती काही लागत नाही. माणसाने आज पाहिलं आणि पगार झाल्यावर घेतलं, तर अनेक कंपन्यांची मुदत तोवर संपलेली असते. आपल्या फिकहमध्ये मजुरीचा करार वेगळा आणि काम फत्ते झालं तरच मिळणाऱ्या बक्षिसाचा करार वेगळा. हजरत यूसुफ यांच्या किश्श्यात हरवलेलं शाही माप आणून देणाऱ्याला उंटभर धान्य देऊ केलं होतं, ते दुसऱ्या प्रकारचं. दोन्ही जायज. पण दुसऱ्यात सगळी जोखीम काम करणाऱ्याच्या डोक्यावर असते. क्लिकच्या पद्धतीत ती थोडी वाटली जाते.

अडचण पुढे आहे. दुकानदार पैसे मोजतो ते गिऱ्हाइकाच्या इच्छेचे. मशीन मोजते ते बोट. त्या बोटामागे नियत काय होती, हे तिला पुरतं कळत नाही. आणि आमच्याकडे तर लहानपणापासून पहिला धडा हाच की, अमलाचं मोल नियतीवर ठरतं.

हिशेब करून पाहू. समजा, एखादा चप्पल विकणारा दिवसाला 500 रुपये जाहिरातीला ठेवतो आणि एका क्लिकचे 5 रुपये पडतात. म्हणजे 100 माणसं. त्यातली 60 जर आमच्यासारखी मामा, खाला आणि सर असली, तर त्याचे 300 रुपये पाण्यात गेले. दुपारपर्यंत पैसे संपले आणि खरं गिऱ्हाईक त्याच्यापर्यंत पोहोचलंच नाही. तो कदाचित आपल्याच मोहल्ल्यातला असेल. "तुमचं काही जात नाही", पण त्याचं जातं.

लिलावात माल घ्यायचा नसताना खोटी बोली लावून भाव चढवणं, याला हदीसमध्ये नजश म्हटलंय आणि ते मना केलंय. घ्यायचं नसताना घेण्याची इच्छा दाखवणं, हाच त्याचा गाभा. खोटं क्लिक मला त्याचंच भावंड वाटतं. प्रेमापोटी केलं म्हणून ते हलाल होत नाही.

मी त्याला फोन करून हे सांगितलं. तो नाराज झाला. "सर, सगळेच करतात." दोन महिन्यांनी तो घरी आला. खातं बंद झालं होतं, जमलेले पैसेही गेले होते. मला वाटलं, आता चूक कबूल करेल. केलीही. पण मग त्याने विचारलं, "सर, शंभर क्लिक खोटे असतील. बाकीचे लोक तर खरे होते ना? खोटे कोणते, ते सांगतच नाहीत. माझ्या खऱ्या मेहनतीचे पैसे कुठे गेले?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुरआनच्या 83व्या सूरेचं नावच मापात पाप करणाऱ्यांवरून आहे. ती आम्ही पोरांना सांगतो, पण कंपन्यांना कोण सांगणार? मोजणार त्याच, खोटं ठरवणार त्याच आणि हिशेब न दाखवणारही त्याच. जाहिरातदारही यात नागवले गेले आहेत. खोट्या क्लिकचे पैसे आकारल्याच्या खटल्यात गूगलने 2006 मध्ये 9 कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली होती. मोठे जाहिरातदार वकील लावू शकतात. मिक्सरवर लेख लिहिणारं पोर काय लावणार? तराजू एकाच पक्षाच्या हातात असेल, तर निदान काटा दोघांना दिसला पाहिजे. कोणते क्लिक आणि का कापले, हे लेखी मिळणं हा त्याचा हक्क आहे.

पण तो हक्क मागायचा, तर आपलं माप आधी चोख हवं. म्हणून आपल्या लोकांना विनंती: पोराला मदत करायची असेल तर त्याच्या हातावर पन्नास रुपये ठेवा, त्याचं लिहिलेलं वाचा, आवडलं तर चार जणांना पाठवा. भाईचारा दुसऱ्याच्या खिशातून करू नका.

तो पुन्हा लिहायला लागलाय. आता प्रत्येक लेखाच्या वरच लिहितो की, या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं. मी सगळं वाचतो, शुद्धलेखनाच्या चुका कळवतो. परवा अम्मीसाठी शिलाई मशीन घ्यायची होती, तेव्हा मात्र त्याच्याच लिंकवर क्लिक केलं.