मधले तीन महिने

चौथा महिना लागला की मळमळ बहुधा ओसरते, सुनेला अन्न रुचू लागते आणि घर निश्चिंत होते. दुर्लक्ष होण्याची भीती नेमकी याच काळात असते; कारण मुदतीत करावयाच्या दोन महत्त्वाच्या तपासण्या याच सुमारास येतात. १८ ते २० आठवड्यांच्या दरम्यान सोनोग्राफीने बाळाच्या अवयवांची रचना पाहिली जाते. तेथे मुलगा की मुलगी, हे विचारणे १९९४ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. २४ ते २८ आठवड्यांत रक्तातील साखर तपासावी. गर्भावस्थेतील मधुमेह बहुधा लक्षणांवाचून येतो.

लोह व कॅल्शियमच्या गोळ्या एकाच वेळी घेऊ नयेत. लोहाच्या गोळीबरोबर चहा टाळावा, लिंबूपाणी घ्यावे. शाकाहारी गर्भवतीने बी-१२ विषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. उपवासाचा निर्णयही त्यांच्या सल्ल्यानेच घ्यावा.

पहिलटकरणीला बाळाची हालचाल साधारणतः पाचव्या महिन्यात जाणवते. रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे किंवा चेहऱ्यावर अचानक सूज येणे, यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

व्यापारी घरात देण्याची तारीख चुकत नाही. सुनेच्या तपासणीची तारीखही त्याच वहीत लिहिली जावी.